काद्राबादेतली माडीवरची खोली

जालन्यात काद्राबादेतल्या एका जुन्या घराच्या माडीवरची खोली मी विकत घेणार होतो. ती मला मिळाली नाही. माझ्यापेक्षा पन्नास रुपये कमी देणाऱ्या माणसाला ती दिली गेली. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं तापतं. जिच्यासाठी खोली घ्यायची होती, ती माझी बायको जाऊनही आता बराच काळ झाला.

आम्ही धनगर. कुंभार पिंपळगावकडच्या एका वस्तीवरून मी मेंढ्या विकायला जालन्याला आलो आणि परत गेलोच नाही. एका मारवाडी शेठजींच्या अडतीवर आधी पोती शिवली, मग तराजू धरला, मग दलाली शिकलो. हैद्राबाद राज्य मोडून आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, तोवर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझी स्वतःची अडत झाली होती. कुणी मला फुकट काही दिलं नाही आणि मीही कुणाला पहिल्या भावात काही घेऊ दिलं नाही.

राहायला मात्र अडतीच्या मागचं पत्र्याचं शेडच होतं. भिंतीला भिंत लागून मिरचीचं गोदाम. हंगामात बायको तोंडाला ओला पदर बांधून भाकरी करायची, तरी तिला दम लागायचा. रात्र रात्र ती भिंतीला टेकून बसायची. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण हिला आधी इथून हलवा.

त्याच सुमारास कळलं की काद्राबादेत एक म्हातारे मास्तर खोली विकून मुलाकडे हैद्राबादला चाललेत. जन्मभर शाळेत फारसी शिकवलेला माणूस. बायको वारलेली, घरात एकटाच. एका सकाळी मी माझ्या बायकोला खोली दाखवायला नेलं. लाकडी जिना चढताना ती दोनदा थांबली. खोली एकच; माळवदाचं छत, चुन्याच्या भिंती, कोपऱ्यात मोरी, भिंतीत काजळलेला कोनाडा आणि नदीच्या अंगाला मोठी खिडकी. ती खिडकीच्या दगडी बैठकीवर बसली ती तासभर उठली नाही. मास्तरांनी पाणी दिलं, चूल कुठं मांडली की धूर बाहेर जातो ते दाखवलं. त्यांची दखनी आणि तिची गावाकडची मराठी, पण दोघांचं बरोबर जमलं. खाली उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "इथं दम लागत न्हाई."

मास्तरांनी बाराशे सांगितले होते. मी मनात हजार धरले. दुसऱ्या दिवशी मोंढ्यातले दोन दलाल सोबत घेऊन सौद्याला गेलो.

आमच्याकडे सौद्याची रीत ठरलेली आहे. भाव तोंडानं बोलायचा नाही. रुमालाखाली हात धरून बोटं दाबायची. किती बोटं, तेवढे शेकडे. आणि तोंडानं मालाला नावं ठेवायची, मोठ्यानं, चार माणसांत. बैल कितीही देखणा असो, घेणारा म्हणणार की मागून लंगडतो. विकणाराही ते ऐकून हसतो, कारण उद्या तो घेणारा असतो. शेवटी भाव अडला की पायताण घालून चालू लागायचं. वीस पावलांत हाक येते. मला ती आली नाही, असं तोवर कधी झालं नव्हतं.

मी उपरणं पुढं केलं आणि त्याखाली मास्तरांचा हात धरला. आधी पाच, मग तीन, अशी आठ बोटं दाबली. मास्तरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, मी हात मिळवतोय. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि माझ्या घरच्यांची तब्येत विचारली. माझे सोबती फिसकन हसले. मला शरम वाटली आणि शरम वाटली की मी चढ्या आवाजात बोलतो.

मी सुरू झालो. माळवदात वाळवी आहे म्हणालो. भिंतीला ओल आहे, जिना माणूस मारील. कोनाड्याकडे बोट करून म्हणालो, ही काजळी सात वेळा चुना मारला तरी जायची नाही, घाण करून ठेवलीय. तिथं त्यांची बायको चाळीस वर्षं दिवा ठेवत होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळतं, तरी कदाचित बोललो असतो.

मास्तर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "दाम करो सेठ, घर के ऐबां नक्को निकालो."

दोष काढायचं सोडून मी तोंडानं हजार म्हणालो. ते खिडकीकडे वळले. मी जोडे घातले आणि जिना उतरलो. गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेलो. हाक आली नाही. सोबती म्हणाले, म्हातारा पक्का आहे, दोन दिवसांत निरोप धाडील.

तीन दिवस मी निरोपाची वाट पाहिली. बायको रोज म्हणायची, जाऊन तरी या. मी म्हणायचो, आधी जाईल तो मार खाईल, तुला धंद्यातलं काय कळतं. चौथ्या दिवशी मात्र मीच गेलो, पूर्ण बाराशे घेऊन. मास्तर सामान बांधत होते. खोली त्यांनी एका शिंप्याला साडेनऊशेला दिली होती.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. गल्ली गोळा झाली. मास्तर दारात उभे होते, आवाज चढवत नव्हते. लोक पांगल्यावर म्हणाले, "आप को पसंद नहीं था ना. सब के सामने बोले."

मी सांगितलं की तसं बोलायचंच असतं, ती रीत आहे. ते म्हणाले, असेल. पण शिंपी आला, खिडकीत उभा राहिला आणि म्हणाला की घर छान आहे. त्याला चावी दिली.

मास्तर हैद्राबादला निघून गेल्यावर दोन दिवसांनी मी शिंप्याकडे गेलो. बाराशे म्हणालो, तेराशे, पंधराशे. तो हात जोडून म्हणाला, "शेठ, बायकोनं चूल मांडली. आता न्हाई हलवता येत."

घरी येऊन मी मास्तरांना, शिंप्याला, साऱ्या काद्राबादेला शिव्या दिल्या. बायको तवा घासत होती. तिचं काम थांबलं नाही. म्हणाली, "तुमी भाव पाडाया गेल्ता. मी तिथं राह्यला गेल्ते."

मग मी ईर्ष्येला पेटलो. नव्या जालन्यात जागा घेतली, चार खोल्यांचं घर बांधायला काढलं. सिमेंट परमिटवर मिळायचं. कधी ते नसायचं, कधी गवंडी नसायचा. तिला पाया दाखवला तर बरं आहे म्हणाली. चौकटी बसल्या आणि ती गेली.

पण त्याआधीच्या हिवाळ्यातलं सांगायचं आहे. ती फार वेळा चोळ्या शिवायला टाकू लागली होती. मी कुरकुरलो, एवढ्या चोळ्या कशाला. ती कापड उचलून निघायची. एका दुपारी वसुलीला काद्राबादेत गेलो असता पाय आपोआप त्या गल्लीत वळले. जिना अर्धा चढलो आणि थांबलो. दार उघडं होतं. शिंपी मशीन मारत होता, त्याची बायको काजं करत होती आणि माझी बायको खिडकीच्या बैठकीवर बसून तिला काजं करू लागत होती. अडत्याची बायको, परक्या घरात, परक्यांच्या कपड्यांना. आधी माझ्या अंगाची आग झाली. मग लक्षात आलं की ती बोलतेय. वाक्यामागून वाक्य, मधे न थांबता. शेडात तिचं एक वाक्यही धापेशिवाय पुरं होत नसे. ती हसलीसुद्धा. कशाला, ते मला ऐकू आलं नाही.

मी तसाच खाली उतरलो.

मास्तरांना मी माफ केलेलं नाही. माल घेण्याचा माझा इरादा होता, माझ्याकडे पैसे होते, आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे मी वागलो. एक निरोप धाडला असता तर काय बिघडलं असतं, हे मी आजही विचारतो. ते हैद्राबादला गेले, मग त्यांचं काय झालं मला माहीत नाही.

मी जिन्यावरून परत फिरलो त्या संध्याकाळी बायको घरी आली. दारातूनच गोदामाचा ठसका लागला, खाटेवर बसून तिनं श्वास धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, शिंप्यानं बाही चुकवली, उद्या परत जावं लागंल.

म्हटलं, जा.