कामाच्या टेबलाला पॉलिश

सुताराच्या शेडमधला भुसा रोज संध्याकाळी झाडून काढता येतो. किस्से झाडायला मात्र कोणी झाडू केलेला न्हाई. ते कोपऱ्यात साचत राहतात आन् कुठलंबी फडकं झटकलं की त्यातला एखादा खाली पडतो. आमच्या औसा रोडवरच्या शेडमध्ये असे लई पडून हाईत. त्यातले हे एकाच टेबलाचे. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळं लिहिणं रांगडं हाय. आवडलं न्हाई तर वाचू नका, माझं काही अडलेलं न्हाई.

शेडमध्ये आम्ही तिघं. मी सुतार, मला सगळे मिस्त्री म्हणतात. नरसिंग देगलूरचा, लेथवर खुर्चीचे पाय आन् पाळण्याचे दांडे कातून देतो. आन् गफूरभाई पॉलिशवाला. लातुरातली निम्मी जुनी कपाटं त्याच्या हाताखालून चकाकून गेलीत. आता सगळ्यांना सनमायका पाहिजे, आन् सनमायकाला पॉलिश लागत न्हाई. म्हणून गफूरभाई दिवसभर स्टुलावर बसून आमच्या कामात खोड काढायचा. ते काम तो फुकट करायचा, आन् लई मन लावून करायचा!

तर माझं जुनं कामाचं टेबल वाळवीनं खाल्लं. मी नवं केलं. वर जुन्या दारांचं सागवान, खाली बाभळीचे पाय. बैल चढवला तरी हलणार न्हाई असं. दसरा तोंडावर आला होता आन् खंडेनवमीला आमची हत्यारं त्याच टेबलावर मांडून पुजायची असतात. प्रश्न एकच राहिला. वरून लावायचं काय?

*

नरसिंग मोबाईलवर व्हिडिओ बघतो. त्यात एक गोरा माणूस टेबलाला तेल पाजून राहिला होता. "मिस्त्री, तेल लावा. लाकूड तेल पितंय आन् दगडासारखं होतंय."

"कोणतं तेल?"

"बियांचं कायतरी. इंग्रजीत बोलून राहिला तो."

बियांचं तेल म्हणल्यावर मी घरून करडईचा डबा उचलून आणला. आमच्या भागात दुसऱ्या कोणत्या बिया हाईत? दोघांनी मिळून टेबलाला पोटभर तेल पाजलं. त्यानं पिलंबी. पण वाळंना! भुसा चिकटला, माशा चिकटल्या, टेबलाला दाढी आल्यासारखी झाली. नरसिंगनं डबा खाताना खाली पेपर अंथरला, तो निघालाच न्हाई. आठवडाभर आम्ही तेच एक राशिभविष्य वाचत होतो. माझ्या राशीला रोज प्रवासाचा योग!

आन् घरी आमच्या मंडळींनी ताट पुढं सारलं. "घरात भाजी कोरडी आन् टेबलाला तेलाची आंघोळ! जेवायला बी तिकडंच जात जा."

*

तेल खरवडून काढलं आन् मी म्हणलं, आता माझ्या डोक्यानं. मेण! मेण आन् टर्पेंटाइन गरम करून मी स्वतः चोळलं. हाताला कसं मऊ लागत होतं म्हणून सांगू! नरसिंगला बोलावून दाखवलं. "याला म्हणतात काम. व्हिडिओ लागत न्हाई."

आमच्या शेडला पत्रा हाय, आन् ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीत हाय. दुपारी मी जेवून टेबलावर कोपर टेकवून जरा डोळा लावला. उठलो तर सदऱ्याची बाही टेबलाला चिकटलेली.

गफूरभाई स्टुलावरून सगळं बघत होता. हसला न्हाई. फक्त म्हणला, "मिस्त्री, टेबल तुला सोडंना गड्या. लई जीव हाय त्याचा."

*

त्याच दिवशी त्यानं सांगितलं. त्याची लेक शबाना नांदेडला राहते, ती कवापासून बोलावून राहिली होती. "दसरा झाला की जातो मी. कायमचा. हितं बसून काय करू? सनमायका पुसू?"

नरसिंगनं लेथ बंद केला. माझ्याकडं बघून राहिले दोघं.

मी म्हणलं, "जा की. स्टूल तरी रिकामं होईल."

आता मी काय रडायला पाहिजे होतं?

मग नरसिंग म्हणला, "चाचा, जायच्या आधी हे टेबल तुमच्या हातचं होऊ द्या."

मी उडालोच. "कामाच्या टेबलाला लाखेचं पॉलिश? लाकूड टिकंल का त्याच्यावर? घसरंल! रंधा मारू का घसरगुंडी खेळू?"

गफूरभाईनं माझ्याकडं बघितलंच न्हाई. उठला, कोपऱ्यातली चपड्याची, म्हणजे पातळ लाखेची, बाटली काढली, उजेडात धरून हलवली, आन् कापसाची पोटली बांधायला बसला. लई दिवसांनी बाही वर केली होती त्यानं. मग मी बी टेबल मोकळं करून दिलं. मला काय, मेण काढायचं कामबी त्याच्याच गळ्यात पडलं!

*

पॉलिशवर धूळ बसली की सगळं वाया. म्हणून गफूरभाईनं पहिला हुकूम काढला, "शेडमध्ये रंधा बंद, करवत बंद, लेथ बंद. आन् मिस्त्री, तुझं खोकणं बाहेर."

माझी शेड, आन् मी बाहेर लिंबाखाली! नरसिंग माझ्या शेजारी हात बांधून बसलेला. आत गफूरभाई पोटली फिरवतोय, वाळवतोय, घासतोय, परत फिरवतोय. दारातून नुसता स्पिरिटचा वास.

रस्त्यानं ओळखीचं एक गिऱ्हाईक चाललं होतं. थांबलं. "काय मिस्त्री, भांडण झालं का? आत घेईनात व्हय?"

मी म्हणलं, "आत टेबल बाळंत झालंय. वारा लागू द्यायचा न्हाई."

*

झालं एकदाचं. खोटं कशाला बोलू, वाकून बघितलं तर त्यात पत्र्याची भोकं दिसत होती. माझं थोबाड बी दिसलं, म्हणून मी बघणं बंद केलं.

खंडेनवमी आली. मी रंधे, पटाशी, करवती धुऊन आणल्या आन् टेबलावर मांडायला गेलो, तर गफूरभाई आडवा! दरवर्षी हत्यारं पुसून द्यायला तोच पुढं असायचा, आन् आता म्हणतो, "नक्को! ओरखडा जाईल. हळदीचा डाग धरतो."

"अरे, पूजा हाय ही!"

"मग खाली मांड. देव वाकून घेतो."

शेवटी हत्यारं खाली चटईवर, आन् टेबल वर रिकामं, राजासारखं. नरसिंगच्या जिवाला लागलं, त्यानं टेबलावर एक झेंडूचं फूल ठेवलं. गफूरभाईनं ते उचललं, खालचं पाणी पुसलं, फूल कोरडं केलं आन् परत होतं तिथंच ठेवलं!

*

दसऱ्यानंतर अहमदपूरच्या एक बाई दार करून घ्यायला आल्या. दाराचं राहिलं बाजूला, टेबलाभोवतीच फिरायला लागल्या. "हे आमच्या हॉलमध्ये काय शोभंल हो!"

"बाई, ते कामाचं टेबल हाय."

"मग तुम्ही खाली बसून काम का करून राहिलात?"

नरसिंग लेथमागं तोंड लपवून हसायला लागला. मला राग आला. उचलली एक फळी, ठेवली टेबलावर, मारला रंधा. फळी अशी सटकली, की दारातून सरळ बाहेर! रस्त्यावरचं कुत्रं ओरडत पळालं.

"बघितलंत?" मी म्हणलं.

बाई म्हणल्या, "हाव. पण टेबलाला काही झालं न्हाई."

गफूरभाईनं त्यांना स्वतःच्या हातानं स्टूल दिलं बसायला. मला कधी दिलं न्हाई.

*

मग एक दिवस सकाळीच शबाना गाडी घेऊन आली. गफूरभाईचं सामान ते काय, एक पिशवी. त्यात बाटल्या, पोटल्या, घासायचे कागद. पिशवी हातात घेऊन तो टेबलाभोवती एक चक्कर फिरला, खाली बसून उजेडाच्या रेषेत बघितलं, आन् उठताना म्हणला, "मी गेल्यावर याचं काय करशील?"

"काय करणार? रंधा मारून सगळं पॉलिश काढणार. तुझी गाडी चौकात वळायच्या आत."

नरसिंग म्हणला, "अय्यो मिस्त्री, जाताना तरी नीट बोला!"

गफूरभाई म्हणला, "नक्को, बोलू दे त्याला. मिस्त्री, माझ्यासमोर काढ. बघूनच जातो."

"बघ."

मी मोठा लाकडी रंधा घेतला. टेबलावर ठेवला. दोन्ही हातांनी दाबून लोटला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ढलपी आली न्हाई. परत लोटला. पॉलिशवर साधा वळ उठला न्हाई.

गफूरभाईनं पिशवी खाली ठेवली. माझ्या हातातून रंधा घेतला, उलटा केला, बुडावरून अंगठा फिरवला.

"पातं आत हाय."

"काढतो बाहेर."

"काढ."

"धार गेलीय त्याची."

"मग लाव धार."

"दगड सापडंना."

धार लावायचा दगड नरसिंगच्या पायाशीच पडला होता. त्यानं तो पायानं हळूच लेथखाली सारला.

बाहेरून शबानानं हॉर्न वाजवला. "अब्बा, चला! ऊन व्हायलंय. काका, सोडा की त्यांना!"

मी म्हणलं, "मी कुठं धरलंय?"

गफूरभाई तसाच उलटा रंधा हातात घेऊन स्टुलावर बसला. पात्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं तोंड करून म्हणला,

"बेटी, गाडी जरा सावलीत लाव."