चोराच्या तोंडात माझा आवाज

सिनेमातल्या चोराचा खरा आवाज मी पुसून टाकला आणि त्याच्या तोंडात माझा स्वतःचा घातला. मूर्खपणा एवढाच. तो चोर आज असता तर ही गोष्ट त्यानंच चार लोकांत सांगितली असती, माझी नक्कल करून, आणि माझ्यापेक्षा बरी.

पांढुर्ण्यात लग्नाचे व्हिडिओ काढणं हा माझा धंदा. आमच्या धंद्यात आवाजाला काडीची किंमत नसते. मांडवात जे काय बोललं जातं ते कोणालाच नंतर ऐकायचं नसतं. नवरीची आत्या आचाऱ्याला शिव्या देते, नवरदेवाचा मामा जावयाची उणीदुणी काढतो. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे मूळ आवाज बंद करायचा आणि वर गाणं टाकायचं. मग कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं करायचं, कारण उद्या दुसरं लग्न. हाताला अशी सवय लागली की बायको रागावली तरी बोट आपोआप बटण शोधायला लागतं.

माझ्या शेजारी लाइट धरून उभा राहायचा तो माझा मित्र. सौंसरचा. सकाळी नगरपालिकेच्या टाकीवर व्हॉल्व्ह सोडायचा आणि लग्नसराईत माझा लाइट धरायचा. दोन्ही गावांतल्या अर्ध्या नवऱ्या त्याच्या उजेडात सुंदर दिसल्या. तो मात्र एकाही व्हिडिओत नाही. लाइट धरणारा कुठं दिसतो?

त्याला आपण एकदा पडद्यावर आणू म्हणून मी सिनेमा काढला. निदान तेव्हा मी तसं सांगत होतो. खरं म्हणजे मला खाकी कपडे घालायची हौस होती. गोष्ट अशी : चोरांची टोळी संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामातली तिजोरी फोडते, सोनं संत्र्याच्या कॅरेटखाली लपवते आणि मेटॅडोर घेऊन नागपूरकडं पळते. मागून टी. आय. साहेब, म्हणजे आमच्याकडचे ठाणेदार. लेखक मी, दिग्दर्शक मी, टी. आय. मी. टोळीचा सरदार तो.

तिजोरी म्हणजे आमच्याच जुन्या कूलरचा सांगाडा, काळा रंग मारलेला. टोळी ती कण्हत-कुंथत उचलायच्या बेतात होती, तेवढ्यात वारा आला आणि तिजोरी स्वतःच चालायला लागली. रामाकोन्याच्या रस्त्यावर पाठलाग काढला, तर पोलिसांची जीप सुरूच होईना. शेवटी चोर मेटॅडोरमधून उतरून आले, त्यांनी जीपला धक्का मारून दिला, आणि परत जाऊन पळायला लागले. "साहेब, पकडा बरं आता," जाता जाता सरदार म्हणाला. "नाईतर पुन्हा धक्का माराले या लागन."

असा तो. अंगानं धिप्पाड, डोळे असे की चोरच दिसावा, आणि आवाज बारीक. पोरसवदा. देवानं भोंग्याच्या डब्यात पिपाणी ठेवली होती. गोदामात त्यानं बंदूक रोखून "कोणी हालू नका बे!" म्हटलं आणि ज्यांनी थरथरायचं ते हमाल पोट धरून खाली बसले.

मला वाटलं, हा सिनेमा नागपूर-पुण्याचे लोक पाहतील. त्यांना असला चोर कसा चालेल? मग मी भर उन्हाळ्यात अंगावर रजई घेतली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, आणि घामाघूम होत त्याचे सगळे संवाद माझ्या जाड्या आवाजात, पुस्तकी भाषेत बोललो. "कोणीही हालचाल करू नये!" त्याचा मूळ आवाज बंद. कार्ड कोरं. दुसऱ्या दिवशी लोधीखेड्याला लग्न होतं.

लग्नाच्याच पडद्यावर, एका मंगल कार्यालयात, गावाला सिनेमा दाखवला. लोकांनी शिट्या मारल्या. तो माझ्या शेजारी बसला होता. संपल्यावर म्हणाला, "माह्या तोंडातून तू कसा काय निघून राहिला बे?"

मी ते कौतुक समजलो.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला ताप आला. साधाच वाटला. नागपूरला नेता नेता तो गेला. त्याच्या फोनचं लॉक घरात कोणाला माहीत नव्हतं. बहिणीला वापरायला द्यायचा म्हणून दुकानदारानं फोन कोरा करून दिला. काम चोख झालं. मीच तर त्या दुकानाचा पत्ता सांगितला होता.

सौंसरला पुण्यानुमोदन झालं. भंतेजींनी वंदना घेतली. टेबलावर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली त्याचा फोटो होता, आधार कार्डावरचा, मोठा केलेला. पांढरं लुगडं नेसलेली त्याची आई मेणबत्तीची वात सरळ करत बसली होती. जेवणं झाल्यावर तिनं मला बोलावलं.

"बाबू, फोटोत तो बोलत नाई. तुह्या सिनेमात बोलते म्हंतात. लाव बरं. मले त्याचा आवाज ऐकाचा हाय."

ती कार्यालयात सिनेमा पाहायला आली नव्हती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन तेव्हा नुकतंच झालं होतं. मी लॅपटॉप उघडला. नातेवाईक मागं उभे राहिले. पडद्यावर तो आला, तसाच, धिप्पाड, कपाळावर घाम. आई पुढं सरकली. त्यानं तोंड उघडलं, आणि आतून मी बोललो.

तिनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग परत पडद्याकडं.

"हा त तू होय."

"हो मावशी. ते आवाज… साफ यावा म्हणून."

"मंग त्याचा कुठी हाय?"

मागून कोणी तरी खोकलं. पडद्यावर तो माझ्या आवाजात हसत होता. विकट हास्य त्या रजईत मला फार छान जमलं होतं. ती उठली आणि मेणबत्तीपाशी जाऊन बसली. "सापडला का सांगजो," एवढंच म्हणाली.

त्यानंतर माझ्याच घशाची मला धास्ती वाटायला लागली. चहाच्या टपरीवर "दोन कट" म्हणावं आणि समोर त्याचे ओठ हलताना दिसावेत. दाढी करताना आरशापुढं खाकरलो तरी वाटायचं, हे कोण खाकरलं? पोट्टे रस्त्यात मला अडवून चोराचे संवाद म्हणायला लावत. पूर्वी मी छाती काढून म्हणायचो. आता म्हटलं की पाठीमागं कोणी तरी लाइट धरून उभं आहे, असं वाटे. मी वळून पाहायचो. भर दुपारी. मग फोनवर बारीक आवाजात बोलायला लागलो, तर गिऱ्हाइकं विचारत, "दादा नाहीत का घरी?"

जुनी कार्डं, पेन ड्राइव्ह, बंद पडलेली डिस्क, सगळं शोधलं. नवऱ्या सापडल्या, वराती सापडल्या. वरातीतल्या नवरदेवाच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा आणि तेवढाच मित्र मला दिसायचा. आवाज कुठंच नाही. सगळीकडं गाणी. सौंसरवरून कामासाठी जावं लागलं तर मी तिच्या घराच्या गल्लीकडं मान वळवायचो नाही.

एका दुपारी बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली. माझा जुना फोन ती पोळ्या करताना गाणी ऐकायला वापरते.

"अवं, याच्यात जागा नाई म्हणते. हा तुमचा मित्र नदीत मरून पडला हाय, पुसू का?"

मी असा धावलो की परात उलटली.

मला आठवलंच नव्हतं. शेवटचा सीन सावरगावच्या बाजूनं जाम नदीत काढला होता. टी. आय.ची गोळी लागून सरदार पाण्यात पडतो. तो मेला आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याची बॅटरीही मेली, म्हणून मुडद्याचा शॉट मी फोनवर घेतला होता. सिनेमात त्यावर नुसते ढोल टाकले. मेलेला माणूस काय बोलणार?

पिठाच्या हातानं बायकोनं फोन दिला. मी तो कानाला लावला आणि चुलीपाशीच खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सौंसरला गेलो. ती ओट्यावर अंबाडी निवडत होती. मी व्हिडिओ लावून फोन तिच्या हातात दिला. उथळ पाण्यात तो पालथा पडलेला. एक गाल वर. माझे बूट शेजारी येऊन थांबतात. पाण्याची खळखळ. मग मुडद्याचे ओठ हलतात, आणि तो बारीक, पोरसवदा आवाज :

"लवकर कर ना बे. पाणी कानात जाऊन राहिलं. मायनं अंबाडीची भाजी केली हाय, थंडी होऊन जाईन."

"चूप बे! मेला ना तू," माझा जाडा आवाज.

"मेलो त का भूक नाई लागत?"

आणि संपलं.

तिच्या मांडीवरची पानं खाली सांडली. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. पुन्हा. दर वेळी तो तेच म्हणे आणि दर वेळी मी त्याला गप्प करायचो. चौथ्यांदा का पाचव्यांदा, मला राहवेना. म्हटलं, "मावशी, हा माझा आवाज मी मधून कापून देतो, मग नुसता त्याचाच राहील. काय आहे, त्या दिवशी उजेड चालला होता, बॅटरी…"

तिनं फोन कानापासून काढलासुद्धा नाही.

"तू चूप बस बरं. साऱ्या सिनेमाभर तूच बोलला."