नीराबाईच्या जिप्सीचा लॉकर

वहिनीला तिच्या जिप्सीसाठी लॉकर घ्यायचा होता, आणि कुठला घ्यावा हे तिनं विचारलं कुणाला, तर मला! ज्याच्या पोटावर पाय येणार त्यालाच! आता पोट म्हणजे पैशाचं नव्हे हो, तिच्याकडून चहाशिवाय मी कधी काही घेतलेलं नाही. पण माणसाला गावात काही एक काम असतं, चार लोक हाक मारतात, बरं वाटतं. माझं काम म्हणजे वहिनीची गाडी रेतीत रुतली की ट्रॅक्टर घेऊन जायचं आणि ओढून काढायची. ते काम बंद पाडणारं यंत्र मीच पसंत करायचं. वा रे न्याय!

मी धर्माजी. मुरुडच्या अलीकडे अगदी समुद्राला लागून आमचं गाव. वहिनी म्हणजे नीराबाई, माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेला, मुलगा सुयश पुण्याला नोकरीत, आणि साठी उलटलेली ही बाई नारळ-सुपारीची वाडी एकटी बघते. वाडी आहे गावाच्या पार टोकाला, आणि तिथे जायला रस्ताच नाही. ओहोटीला पाणी मागे सरलं की पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या रेतीवरून, गाडी घालायची, नारळ भरायचे आणि भरती चढायच्या आत परत यायचं. दादानं त्यासाठी जुनी जिप्सी आणली होती. तो गेल्यावर वहिनी चालवायला शिकली. शिकली म्हणजे गाडी सुरू करायला आणि जोरात न्यायला शिकली. थांबवायचं काम पुळण करते.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. तेव्हापासून ती मला 'भावोजी, तुम्ही' म्हणते आणि त्याच तोंडानं शिव्या घालते. गाडी रुतली की फोन येणार, "भावोजी, कुठे मेलात? या लवकर, आणि दोर चांगला आणा, मागचा कुजका होता." जसं काही मीच जाऊन रेती ओली केली!

बरं, जिप्सी चारही चाकांना जोर देणारी आहे. मग रुतते का? हे मला मुरुडच्या फैझाननं समजावलं. फैझान बरीच वर्षं आखातात होता, तिथे वाळवंटात गाड्या हाकायचा, आता मुरुडला गॅरेज आहे त्याचं. तो म्हणाला, "काका, दोन चाकांच्या मधे एक डबा असतो, डिफरन्शियल म्हणतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. तो डबा ते सांभाळतो. पण रेतीत एक चाक सैल पडलं की डबा सगळा जोर त्या सैल चाकालाच देतो. ते भिंगरीसारखं फिरत बसतं, आणि ज्याची पकड चांगली ते दुसरं चाक उभं राहून मजा बघतं."

"म्हणजे घरातल्या उधळ्या पोरासारखं," मी म्हटलं. "जो उडवतो त्यालाच आई आणखी देते."

"एकदम बराबर! आणि लॉकर म्हणजे बाप. दोघांना एका दोरीत बांधतो. एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं."

हे सगळं निघालं ते सुयशमुळे. गेल्या खेपेला तो सुट्टीला आला होता आणि नेमकी त्याच दिवशी वहिनी रुतली. पोरगा धावत किनाऱ्यावर आला तर काय बघतो? भरतीचं पाणी चाकांना लागलेलं, मी गुडघाभर पाण्यात वाकून दोर बांधतोय, आणि आई आत सीटवर बसून शहाळं पितेय. त्याचा रंगच उडाला. घरी आल्यावर आवाज न चढवता म्हणाला, "आई, आणखी एकदा जरी पुळणीत अडकलीस ना, तर गाडी विकणार. चावी मी घेऊन जाणार."

वहिनी गप्प झाली. वहिनी! जी देवळातल्या आरतीतसुद्धा मधेच बोलते! मला तेव्हाच कळलं की प्रकरण अवघड आहे. गाडी गेली की वाडी मक्त्यानं देणं आलं. आणि वाडी गेल्यावर ती करणार काय? पुण्याला जाऊन सुयशच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंडीतल्या मिरच्या मोजणार. सहा महिन्यांत वाळून जाईल ती, मी लिहून देतो.

मी ट्रॅक्टरवर बसून नीट विचार केला. लॉकर बसला तर वहिनी रुतणार नाही, म्हणजे माझं काम संपलं. नाही बसला तर ती रुतणार, सुयश चावी नेणार, म्हणजे गाडीच नाही. मग मी ओढू काय, समुद्र? दोन्हीकडून बोंब माझीच. आमची सगुणा, म्हणजे माझी बायको, पापड लाटता लाटता म्हणते कशी, "एवढं तोंड पाडू नका. तुमचा तो दोर मला द्या, कपडे वाळत घालायला होईल." घरात असली माणसं असल्यावर बाहेरच्या शत्रूंची गरज काय?

शेवटी गेलो वहिनीला घेऊन फैझानकडे. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, सरबत दिलं आणि तीन प्रकार सांगितले.

"चाची, एक असतो आपोआपवाला. जोर पडला की स्वतःच चाकं बांधतो, वळणावर कटकट करत स्वतःच सोडतो. तुम्हाला काही करायचं नाही. दुसरा बटनवाला. बटन दाबलं की चाकं बांधली, पुन्हा दाबलं की मोकळी. पण मोकळी करायला विसरायचं नाही हां! बांधलेल्या चाकांनी गाडी नीट वळत नाही, नाकासमोर जाते. तिसरा मधला, थोडा बांधतो, थोडा सोडतो."

"मधला नको," वहिनी म्हणाली. "नवरा तसाच होता."

"वहिनी, आपोआपवाला घे," मी म्हटलं. "तू विसरणार. तू गॅस बंद करायला विसरतेस, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतेस."

"मला बटन पाहिजे. आपोआप होणाऱ्या गोष्टींचा वीट आलाय मला. म्हातारपण आपोआप येतं, पोरगं आपोआप पुण्याला जातं. एखादी गोष्ट तरी मी ठरवेन तेव्हा होऊ दे की!"

फैझान मान खाली घालून सरबत ढवळत बसला. मी खाकरलो आणि म्हटलं, "आपोआपवालाच." झालं, जुंपली आमची. गॅरेजमध्ये स्कूटर घेऊन आलेली एक बाई घाबरून परत गेली. शेवटी वहिनीच म्हणाली, "बहिरोबाला कौल लावू. देव म्हणेल ते."

आता कौल म्हणजे आमच्याकडे शेवटचा निकाल. देवाच्या अंगाला डावी-उजवीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि जी पाकळी आधी पडेल ते देवाचं उत्तर. लग्न, विहीर, कोर्टकचेरी, आमच्या गावात सगळं कौलावर ठरतं. लॉकर मात्र पहिलाच.

गुरवानं पाकळ्या लावल्या आणि हात जोडून उभा राहिला. "देवा म्हाराजा, ह्या नीराबाईच्या गाडीला... काय म्हनायचं रं त्याला, धर्माजी?"

"डिफरन्शियल लॉकर."

"त्ये बशिवायचं हाय. उजवी पडली तर आपोआपवाला, डावी पडली तर बटनवाला. काय असंल त्ये सरळ सांग, लेकराला गोंधळात टाकू नको."

लेकरू पदर खोचून उभं होतं. आम्ही सगळे देवाकडे टक लावून बघत राहिलो. पाकळ्या हलेनात. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता, आणि तेवढ्यात मला जाणवलं की डाव्या बाजूनं मस्त वारा येतोय. बघतो तर काय, मुंबईच्या कुणी पाहुण्यानं देवळाला दिलेला पंखा गरागरा फिरतोय! पात्यांवर देणगीदाराचं नाव एवढं मोठं की फिरतानाही वाचता येत होतं.

"अरे, पंखा..." मी ओरडेपर्यंत डावी पाकळी टप्पकन खाली.

"बटनवाला!" वहिनीनं टाळी वाजवली.

"हा कौल नाही! ही पंख्याची हवा आहे!"

"आणि पंखा कुणाच्या देवळात आहे?" वहिनी म्हणाली.

गुरवानं डोकं खाजवलं. "बंद करायचा ऱ्हायला, ह्ये खरं हाय. पन पडला तो पडला. पुन्ना लावला तर देव म्हनंल, तुमचा माझ्यावर इश्वास न्हाय."

आता देवाच्या पंख्यापुढे मी काय बोलणार? बटनवाला आला. फैझाननं तो बसवला, वहिनीच्या हाताशी बटन दिलं, चाकं बांधलेली असताना समोर लाल दिवा लागतो तो दाखवला, आणि पुन्हा पुन्हा बजावलं, "चाची, पुळण संपली की बटन सोडायचं." वहिनी "हो रे बाबा" म्हणाली. ती "हो रे बाबा" म्हणाली की मला धडकी भरते.

परीक्षेला सुयश पुण्याहून आला. ओहोटी लागली होती. मी ट्रॅक्टर आणि दोर घेऊन कडेला उभा. सुयश म्हणाला, "काका, आज तुम्ही कशाला? आज तिनं एकटीनं जाऊन यायचंय."

"सवय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

वहिनी निघाली. मधे एक ओली जागा आहे, पाणी मागे गेलं तरी खालून पाझरत राहतं. तिथेच ती दर वेळी बसते. आजही मागचं चाक रुतलं, फिरायला लागलं, रेती उडाली. माझा हात आपसूक दोराकडे गेला. सुयशनं डोळे मिटून घेतले. आणि मग तिनं बटन दाबलं असणार, कारण दुसरं चाकही फिरलं, आणि म्हैस डबक्यातून उठते तशी जिप्सी हलत-डुलत उठली आणि गेली की पुढे! फैझान मुरुडहून मुद्दाम बघायला आला होता, तो "माशाल्ला!" म्हणून नाचायलाच लागला. वहिनी वाडीत पोचली, नारळ भरले, आणि त्याच ओल्या जागेवरून हॉर्न वाजवत परत आली. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धं तिच्यासाठी होतं. उरलेलं माझं स्वतःचं, कारण आता मला कोण हाक मारणार होतं?

पुळण संपली. पुढे आमच्या पाखाडीचा, म्हणजे आळीचा, टणक रस्ता, आणि लगेच उजवीकडे वळण. समोर बांध आणि बांधाला लागून चर. वहिनी हसत, एक हात बाहेर काढून आम्हाला टाटा करत आली. तिनं स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी सरळ. आणखी फिरवलं. गाडी सरळच.

"चाची, बटन!" फैझान किंचाळला.

जिप्सी बांधावर चढली, पलीकडच्या चरात नाक खुपसलं आणि पोटावर टेकून राहिली. मागची चाकं हवेत. दोन्ही अगदी जोडीनं, एका तालात फिरत होती. लॉकर उत्तम बसला होता, त्यात काही वाद नाही. दणक्यानं मागचं फळकं उघडलं आणि नारळ बाहेर उसळून गडगडत समुद्राकडे निघाले.

आम्ही धावलो. वहिनीला काही झालं नव्हतं, फक्त चष्मा एका कानाला लोंबत होता. फैझाननं आत डोकं घातलं आणि कपाळावर हात मारला. "चाची, लाल दिवा कुठाय?" दिव्यावर वहिनीची टिकली चिकटवलेली होती.

"डोळ्यात खुपत होता मेला," वहिनी म्हणाली.

सुयश कमरेवर हात ठेवून उभा. "आई, अडकलीस. चावी दे."

"कुठे अडकले?"

"कुठे म्हणजे? चरात!"

"अट काय होती? पुळणीत अडकले तर. ती बघ पुळण, तिकडे. हा चर. तुझ्या आजोबांनी खणलाय, त्यांना विचार."

"आई, चेष्टा नको. काकांच्या ट्रॅक्टरशिवाय तू इथून निघणार आहेस का?"

"आणि काकांशिवाय निघेन असं मी कधी म्हटलं?" वहिनीचा आवाज एकदम चढला. "रेतीसाठी लॉकर घेतला. बाकी सगळ्यासाठी मला धर्मा भावोजी आहेत. हाक मारली की येतात. तुझ्या पुण्यात मी चरात पडले तर कोण येणार आहे, ते सांग आधी!"

सुयशनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पँट वर दुमडली आणि लाटेवर चाललेल्या नारळांमागे पळत सुटला. चावी जिप्सीतच राहिली.

मी ट्रॅक्टर मागे घेतला, दोर उतरवला आणि आडवा होऊन जिप्सीच्या खाली शिरलो. वरून वहिनीचं सुरू झालं, "तिथे नको, भावोजी! डावीकडच्या हुकाला बांधा! आणि गाठ नीट मारा, मागच्या वेळी..."

"गप बस गं!" मी खालून ओरडलो. "माझ्या कामात बोलायचं नाही!"