रविवारी पाळकसाहेबांचं जेवण

मंडळी, आज सकाळी आईला माती देऊन आम्ही सौंसरच्या घरी आलो.

ऐंशीच्या दशकात आई इथेच नर्स होती. आठवडाभर ड्यूटी, अन् रविवारी उपासनेनंतर चर्चचे पाळकसाहेब आमच्याकडे जेवायला. चर्चमध्ये 'रविवार हा विसाव्याचा दिवस, काम करू नका' असं प्रवचन चालायचं, तेव्हा आई घरी मटण शिजवत असायची. बाबा पहिल्या बाकावरून 'आमेन' म्हणायचे. पुढे पाळक बदलले, पण जेवण आमच्याकडेच राहिलं.

आज घरात पाय ठेवताच बाबांनी मला विचारलं, "पोरी, येत्या रविवारी साहेबांचं जेवण तू करशीन नं?"

मी म्हटलं, "बाबा, तुमचा विसावा आईसंगच पुरून आलो आपण."

शेजारच्यांनी आणलेला डबा समोर आहे. वाढून घ्यायची सवय नाही, म्हणून बाबा उपाशी बसून आहेत. उठू का मी, सांगा.