वाचलेल्याची साक्ष

ओफिलियस वस्ताद नव्या शिपायाला पहिली शिवी द्यायचा ती काखेवरून. मैदानात माणसाच्या उंचीचे लाकडी खुंट पुरलेले असत. प्रत्येक खुंटापुढे एकेक पोरगा घामाघूम, हातात खऱ्याच्या दुप्पट वजनाची लाकडी तलवार आणि वेताची जडशीळ ढाल. कुणी हात उगारून खुंटावर आडवा वार केला, की वस्ताद मागून यायचा आणि उघड्या पडलेल्या काखेत काठीचं टोक खुपसायचा.

"लाकडं फोडायला आलास का इथं? आडवा वार हाडावर अडतो. ढालीच्या आडून सरळ चार बोटं आत खुपस, बाहेर काढ, पुढचं गिऱ्हाईक बघ. चार बोटांत माणूस मरतो. जास्त घुसवलीस तर तलवार त्याच्या फासळीत आणि तू रिकामा."

हे सगळं तो डाव्या हाताने दाखवायचा. उजव्या पंजाचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं त्याला नव्हती. ढाल तो उजव्या कोपराखाली चामड्याच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचा. अशा उलट्या हाताच्या माणसाशी लढताना पोरांची तारांबळ उडायची, आणि पलटणीने त्याला ठेवून घेतलं होतं ते तेवढ्यासाठीच. कागदोपत्री तो शिपाई नव्हता. छावणीच्या भिंतीबाहेर एक खोली, दुपारी शिपायांच्याच कढईतली डाळगव्हाची पेज आणि सिरका घातलेलं आंबट पाणी, एवढ्यावर त्याचं भागत होतं.

तो सगळं शिकवायचा, एक गोष्ट सोडून. दर वर्षी नव्या तुकडीतलं कुणीतरी विचारायचंच, "वस्ताद, शेजारचा पडला तर काय करायचं?" मग वस्ताद तोंड फिरवायचा. "ते शतनायकाला विचार," म्हणायचा आणि पुढच्या खुंटाकडे चालू लागायचा. पोरांना वाटायचं, म्हातारा विक्षिप्त आहे.

तो विक्षिप्त नव्हता. त्याच्याशी जे झालं होतं ते दुसऱ्या कुणाशी झालं असतं, तर त्या माणसाने एव्हाना कुणाचा तरी गळा घोटला असता.

पंचवीस वर्षांपूर्वी तो आणि हेल्वियस पो नदीकाठच्या एकाच गावातून एकाच दिवशी भरती झाले आणि एकाच तंबूत पडले. तंबूत आठ माणसं, आठांत एक खेचर आणि एक जातं. हेल्वियस बोलण्यात पटाईत, रूपाने देखणा, आणि कामाच्या नावाने शंख. जात्यावर त्याची पाळी आली की त्याचा खांदा हमखास धरायचा. मग ओफिलियस मुकाट्याने उठून त्याच्या वाटचे गहू दळायचा.

"बायकोचेसुद्धा कुणी एवढे लाड करत नाही," तंबूतले म्हणायचे.

"बायको निदान स्वयंपाक तरी करते," ओफिलियस म्हणायचा, आणि सगळ्यांत मोठ्याने हेल्वियसच हसायचा.

मग सहा वर्षांनी दानूब नदी ओलांडून दाकी लोकांवर स्वारी झाली. दाकींकडे एक लांब दांड्याचा कोयता असे, आतल्या बाजूला धार, दोन्ही हातांनी चालवायचा. तो ढालीच्या वरून यायचा. ढालीमागे आपण सुखरूप आहोत असं वाटेपर्यंत शिरस्त्राण उभं चिरलेलं असायचं, नाहीतर तलवारीचा हात कोपरातून गेलेला असायचा. पहिल्या चकमकीनंतर लोहारांनी रात्रंदिवस बसून शिरस्त्राणांवर लोखंडाच्या आडव्या-उभ्या पट्ट्या ठोकल्या आणि उजव्या हातासाठी खांद्यापासून बोटांपर्यंत पट्टीवर पट्टी जोडून लोखंडी बाह्या केल्या. पण त्या सगळ्यांना पुरेनात. आठ जणांच्या तंबूला पाच मिळाल्या. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात ओफिलियसला बाही आली आणि हेल्वियसला आली नाही.

लढाईच्या दिवशी सकाळी हेल्वियस चिलखत बांधत होता आणि एकच गाठ तिसऱ्यांदा सोडत होता. ओफिलियसला ते बघवेना. त्याने आपली बाही काढली आणि त्याच्या हातावर चढवली.

"आणि तू?" हेल्वियस म्हणाला.

"मी हात आत ठेवून लढतो. तुला हात नाचवायची सवय. संध्याकाळी परत दे म्हणजे झालं."

रांगेत हेल्वियस त्याच्या डाव्या हाताला होता. जंगलाचा चढ, पायाखाली ओली पानं. भाले फेकून झाले, तलवारी निघाल्या आणि ढालींवर कोयते पडू लागले. हेल्वियसची ढाल वरच्या कडेपासून मधल्या लोखंडी वाटीपर्यंत फुटली, पाय घसरला आणि तो रांगेच्या पुढे उताणा पडला. त्याच्यावर एक दाकी कोयता उचलून उभा राहिला.

हुकूम नसताना रांग सोडायची नाही, हे ओफिलियसला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी पाठ होतं. तरी तो रांग सोडून पुढे गेला. डावा पाय पडलेल्या मित्राच्या पलीकडे टाकला, ढाल त्याच्यावर धरली आणि ढालीखालून त्या दाकीच्या पोटात चार बोटं तलवार घातली. पण ढाल डावीकडे गेली तशी त्याची उजवी बाजू उघडी पडली. दुसरा कोयता तिकडून आला. बाही असती तर पट्टी चेपली असती आणि हात महिनाभर सुजला असता. ओफिलियस तिथेच पाय रोवून, रक्ताने भिजलेला हात छातीशी धरून, मागची रांग पुढे येईपर्यंत ढालीने ढकलत राहिला. ती जागा दाकींना मिळाली नाही.

त्या संध्याकाळी वैद्याच्या तंबूत हेल्वियस त्याच्या उशाशी बसून हमसाहमशी रडला.

"आजपासून तू माझा बाप," तो म्हणाला.

"मी तुझ्याहून दोन महिन्यांनी लहान आहे, गाढवा."

"असशील. मी सगळ्यांसमोर सांगणार."

सांगणं त्याच्याच हातात होतं. पलटणीतल्या माणसाचा जीव वाचवणाऱ्याला ओकच्या पानांचा मुकुट मिळतो. तो घालून माणूस खेळ बघायला आला की मोठमोठे लोक उठून उभे राहतात, आणि शहराच्या वेठीतून तो आणि त्याचा बाप दोघेही सुटतात. सोन्याच्या मुकुटापेक्षा आमच्याकडे त्या पानांना मान. पण त्यासाठी रीत एकच. दहा जणांनी डोळ्यांनी पाहिलेलं असलं तरी त्यांची साक्ष चालत नाही. जो वाचला त्यानेच आपल्या तोंडाने सगळ्या पलटणीपुढे कबूल करायचं, त्यानेच मुकुट घालायचा, आणि पुढे जन्मभर वाचवणाऱ्याला बापाच्या जागी मानायचं. निकामी हाताने घरी परतणाऱ्या ओफिलियसला त्या पानांशिवाय दुसरं काहीच मिळण्यासारखं नव्हतं.

बारा दिवसांनी पलटण मैदानात उभी राहिली. चौथऱ्यावर सरदार बसला. ओफिलियस पट्टी बांधलेला हात घेऊन पुढे झाला आणि समोर हेल्वियस येऊन उभा राहिला. त्याच्या उजव्या हातावर ती लोखंडी बाही होती. तिच्या मनगटाजवळच्या पट्टीवर ताज्या ठोक्यांनी नाव घातलं होतं, हेल्वियस.

ते नाव वाचलं तेव्हाच ओफिलियसला कळलं. पुढचं ऐकायची गरज नव्हती, पण ते ऐकावं लागलं.

"तुझा जीव कुणी वाचवला?" सरदाराने विचारलं.

"कुणी नाही, साहेब," हेल्वियस म्हणाला. "माझा पाय घसरला, मी उठलो आणि रांगेत आलो."

"हा म्हणतो, तू पडलास आणि हा तुझ्यावर उभा राहिला."

"तो पुढे गेला खरा. कशाला गेला ते मला ठाऊक नाही."

तंबूतल्या सहा जणांनी माना खाली घातल्या. त्यांनी पाहिलं होतं, पण त्यांच्या पाहण्याला किंमत नव्हती. शतनायकाचा दुय्यम त्या लढाईत पडला होता आणि त्याची जागा हेल्वियसला द्यायचं घाटत होतं. जमिनीवर पडून दुसऱ्याच्या ढालीखाली वाचलेल्या माणसाला दुय्यम कोण करणार? एवढंच होतं ते. फार मोठं कारण असतं तर ओफिलियसला कदाचित कमी लागलं असतं.

"तुझी बाही कुठाय?" सरदार ओफिलियसकडे वळला.

ओफिलियसने हेल्वियसच्या हाताकडे पाहिलं. हेल्वियस समोर बघत होता, डोळ्याची पापणी लवली नाही.

"हरवली, साहेब," ओफिलियस म्हणाला.

तो असं का म्हणाला हे त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. कदाचित त्या क्षणीसुद्धा त्याला वाटत होतं, हा आता बोलेल, मीच आधी बोललो तर त्याची लाज जाईल. हेल्वियस बोलला नाही.

मग सगळं उलटलं. कुणाला वाचवलंच नाही म्हटल्यावर हुकमाशिवाय रांग सोडणं हा नुसता गुन्हा उरला, त्यात बाही हरवलेली. ओफिलियसचे गहू बंद करून त्याला जनावरांचे जव दिले. तीन दिवस कमरेचा पट्टा काढून, बाईच्या झग्यासारखा लोंबता अंगरखा घालून, मुख्य कचेरीसमोर हातात गवती मातीचं ढेकूळ धरून उभा केला. धड एकच हात, त्यात ते ढेकूळ. तिसऱ्या दिवशी नवा दुय्यम, हेल्वियस, आपली हुद्द्याची मुठीची काठी घेऊन समोरून गेला आणि त्याने मान दुसरीकडे वळवली. कोयत्याने गेलेली बोटं ओफिलियसला कधी दुखली नाहीत, पण ती वळलेली मान एकोणीस वर्षं दुखत राहिली. तो गावी गेला नाही. तिथे लोकांनी हेल्वियसची खुशाली विचारली असती.

यंदा ओक पालवला तेव्हा हेल्वियस छावणीत आला. नोकरी पुरी करून, शतनायक होऊन, पिकलेल्या केसांनी. मैदानाच्या कडेला उभा राहिला आणि वस्तादाने ओळखलं. हेल्वियसने झग्याखालून पानांचं एक कडं काढलं. वेडंवाकडं, स्वतःच विणलेलं.

"ओफिलियस," तो हळू आवाजात म्हणाला. "घे. मी उद्या गावी निघालोय. हे ओझं डोक्यावर घेऊन मला जाववेना."

"कुणासमोर देतोस?"

"आपल्या दोघांत. आता आणखी कुणाला काय करायचंय?"

वस्तादाने मागे हात केला. "चाळीस जण उभे आहेत. चल, त्यांच्यापुढे एकदा म्हण. नुसतं एकदा. मी पुन्हा तोंडातून काही काढणार नाही."

हेल्वियसने पोरांकडे पाहिलं. त्यातली दोन-तीन त्याचा हुद्दा ओळखून ताठ उभी राहिली होती, त्याच्या छातीवरच्या पदकांकडे बघत होती.

"आता या वयात," हेल्वियस म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"मग ने परत ती पानं. छावणीतलं खेचरसुद्धा खाणार नाही."

हेल्वियस कडं हातात धरून दरवाजाकडे चालू लागला. वस्ताद वळला. पुढच्या रांगेत कातुस नावाचा एक टवाळ पोरगा होता, त्याने नेमका तोच प्रश्न काढला. "वस्ताद, शेजारचा पडला तर काय करायचं?"

वस्तादाने काठीच्या टोकाने मातीकडे दाखवलं.

"आडवा हो," तो म्हणाला.

कातुस मातीत उताणा झाला. वस्तादाने शेजारच्या पोराचा पाय धरून पलीकडे ठेवला, त्याची ढाल कातुसवर आणली, त्याच्या उघड्या पडलेल्या काखेत काठी टोचून दाखवली. "इथून येतो कोयता. हे ठाऊक असूनही जायचं." मग कातुसला उठवून उभं केलं. "अजून संपलं नाही. आता तू म्हण, मला याने वाचवलं. त्याच्याकडे बघून नको, सगळ्यांकडे बघून."

कातुस हसू दाबत पुटपुटला.

"असं नाही. तिथपर्यंत ऐकू गेलं पाहिजे," वस्तादाने काठी दरवाजाकडे रोखली.

"मला याने वाचवलं," कातुस ओरडला.

मग जोडीजोडीने चाळीसही पडले, उठले आणि तेच ओरडले. दरवाजात पानं धरलेला माणूस थबकला. त्याने मान वळवली नाही. जरा वेळाने तो बाहेर पडला.

"पुन्हा," वस्ताद म्हणाला. "पहिल्यापासून."