यान्बूतला बर्फ

नवरा सौदीच्या वाळवंटातल्या यान्बूच्या एका प्लांटमध्ये इंजिनीअर, आणि मी घरी लॅपटॉपवर मध्ययुगीन चर्चच्या कायद्यांचं एक हस्तलिखित वाचत बसते. दक्षिण इटलीतल्या कुणा पाद्र्याने ते जुन्या ग्रंथांतले नियम वेचून तयार केलं. त्याने ते कुठून वेचले, हे शोधणं माझं काम.

एका नियमापाशी मी अडले होते: नदी गोठली असेल तर बाप्तिस्मा कसा द्यावा. त्या पाद्र्याच्या उन्हाच्या गावात नदी गोठेलच कशाला? जेवताना मी वैतागून हे सांगितलं, तर नवरा हसत सुटला.

"अगं, आमच्या सेफ्टीच्या नियमांतही आहे, शिडी चढण्याआधी तिच्यावरचा बर्फ काढावा. थंड देशातल्या प्लांटचे नियम जसेच्या तसे उचललेत."

ताट तसंच ठेवून मी उत्तरेकडच्या देशांतले ग्रंथ उघडले. संध्याकाळपर्यंत गोठलेली नदी सापडली, शब्दन् शब्द तीच. त्या आनंदात मी शिरा केला.

"उद्या आमच्या नियमांतला बर्फ काढून टाकतो," शिरा खाताना नवरा म्हणाला.

"खबरदार हात लावलास तर," मी म्हटलं. "उद्या माझ्यासारखी कुणी तुमचे नियम कुठून आले ते शोधत आली, तर तिने काय करायचं?"