काकांची परदेशी झोळी

वस्तू विकत घेणारे लोक पुष्कळ पाहिले, पण वस्तूंची मुलाखत घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: काशीतल्या माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणायचो. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तर त्यांना दुसरा उद्योगच उरला नाही. नवी छत्री आली की ती उघडून स्वतः नळाखाली बसत. नव्या चपला आधी शेणातून चालवून आणत. "बाजारावर विश्वास ठेवू नये, बाबा. बाजारानं काशी पाहिलेली नसते," असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाला डोंगर चढणाऱ्या पुण्याच्या भाच्यानं एक परदेशी हॅमॉक भेट दिली. कापडाची लांबलचक झोळी, वर भगवं छप्पर, बाजूंनी शिवलेली मच्छरदाणी आणि तिला चेन. जंगलात दोन झाडांना बांधायची आणि आत झोपायचं. काका हरखले. पण दुर्गाघाटाच्या गल्लीत दोन माणसं शेजारी उभी राहायची मारामार, तिथं दोन झाडं कुठली? शेवटी ती गच्चीवर बांधली. पहिल्यांदा काका आत शिरताच झोळी उलटली आणि ते थेट फरशीवर आले; दुसऱ्यांदा आत राहिले, तर बाहेर काढायला मला बोलवावं लागलं. दुपारी पाहतो तर आत एक माकडीण पिलाला घेऊन घोरत होती. काका तिला हाकलू देईनात. "थांबा रे, तिची पाठ दुखते का ते कळू दे!"

"हलकी आहे, हवेशीर आहे," जेवताना त्यांनी निकाल दिला, "पण आत शिरता येत नाही, आणि शिरलं तर निघता येत नाही."

"मग संसारासारखीच झाली की! द्या फेकून," मावशी म्हणाली.

मावशी हसली खरी, पण कार्तिक लागला की तिचं हसू आटायचं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तीन वर्षं तिचं पंचगंगा घाटावरचं कार्तिकस्नान चुकलं होतं. पहाटे बायका खालून गाणी म्हणत जायच्या आणि ही खिडकीशी बसून डोळे पुसायची. खुर्चीची डोली करून पाहिली, तर ती पहिल्याच वळणावर अडकली. काकांनी मग झोळीकडे पाहिलं. कापड वळणावर वळतं! दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन नावाडी आले, बांबू आला, मावशी आत गेली. डास नकोत म्हणून काकांनी चेनही लावली. मी मागून कोरडं लुगडं घेऊन निघालो.

काशीच्या गल्लीत भगव्या कापडाखाली, बांबूवरून, आडवं माणूस चाललेलं! लोक भिंतीला चिकटून हात जोडू लागले. एका म्हाताऱ्यानं स्मशानघाटाकडे बोट दाखवत कळवळून सांगितलं, "बाबूजी, मणिकर्णिका तो उधर है!"

"अभी जिंदा हूँ मैं!" आतून मावशी कडाडली. "अहो, उतरवा मला! जन्मभर तुमचे प्रयोग सोसले, आता हे एकच राहिलं होतं!"

ओळखीचा पानवाला तर रडवेल्या आवाजात विचारता झाला, "माताजी कब गईं?"

"अभी जा रही हैं," काका शांतपणे म्हणाले. "घंटे भर में लौट आएँगी."

घाटावर चेन उघडली तेव्हा मावशी रागानं लाल झाली होती. तशीच पाण्यात उतरली. बुडी मारून वर आली आणि ओंजळीत पाणी धरून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. काका उगीचच झोळीच्या गाठी तपासत होते. मला वाटलं, आता ही परत झोळीत बसायची नाही. पण लुगडं बदलून ती आपणहून आत बसली.

"अहो, त्यांना जरा दमानं चालायला सांगा," ती म्हणाली. "आणि ती चेन नका लावू. येताना भांडणात गल्ली बघायचीच राहिली."

घर हाकेच्या अंतरावर असताना काकांनी नावाड्यांना लांबच्या वाटेनं वळवलं.